अलगतावाद म्हणताना या चुका टाळा

परक्यांच्या युद्धांत पडायचं नाही आणि कुणाशी लष्करी करार करून हात बांधून घ्यायचे नाहीत, या धोरणाला आयसोलेशनिझम किंवा अलगतावाद म्हणतात. अर्थ इतका सरळ, तरी लेखांत आणि परीक्षेच्या उत्तरांत हा शब्द सर्रास चुकतो.

सगळ्यात मोठा घोळ अलिप्ततावादाशी होतो, आणि मला तो फार खटकतो, कारण त्यात आपल्याच इतिहासावर अन्याय होतो. भारत अमेरिकेच्या गटात गेला नाही आणि सोव्हिएत गटातही गेला नाही, पण जगाकडे त्याने पाठ फिरवली नव्हती. कोरियातल्या युद्धकैद्यांचा तिढा सोडवायला १९५३ मध्ये तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या छावण्यांवर पहारा होता भारतीय जवानांचा. अलगतावादी देश एवढी जोखीम कशाला अंगावर घेईल?

दुसरी चूक म्हणजे अलगतावादी देश व्यापारही बंद करतो असं धरून चालणं. अमेरिकेने १९३५ पासून तटस्थतेचे कायदे केले आणि युद्धात उतरलेल्या देशांना शस्त्रं विकणं थांबवलं. बाकीचा माल मात्र १९३७ च्या कायद्यानुसार मिळू शकत होता: पैसे रोख मोजायचे आणि माल स्वतःच्या जहाजांतून न्यायचा. पहिल्या महायुद्धात कर्ज आणि बुडालेली जहाजं यांतूनच आपण ओढले गेलो, असं अनेक अमेरिकनांना वाटत होतं. म्हणून नेमक्या त्या दोन वाटा बंद केल्या.

‘दोन महायुद्धांच्या मधली अमेरिका अलगतावादी होती’ असं सरसकट लिहू नका. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह सिनेटने फेटाळला, अमेरिका राष्ट्रसंघात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेत, गेली नाही, हे खरं. पण तिचे सैनिक कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशात १९३४ पर्यंत ठाण मांडून होते. तेव्हा ‘युरोपातल्या युद्धांबाबत अलगतावादी’ असं लिहिलं तर वाक्य टिकतं.

तटस्थता, म्हणजे युद्धात कुणाचीच बाजू न घेणं, हीसुद्धा वेगळी गोष्ट. स्वित्झर्लंड तटस्थ आहे, तरी २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला.

आणि एखाद्या युद्धाला विरोध केला म्हणून कुणाला अलगतावादी ठरवू नका. तो माणूस इतर करारांबद्दल, मदतीबद्दल काय म्हणतो, ते आधी वाचा.