‘दुसऱ्या’ हा शब्द शोधात का सापडत नव्हता

निरनिराळ्या लेखकांच्या मजकुरातून जुळवलेल्या एका लेखात ‘दुसऱ्या’ हा शब्द डोळ्यांना ठिकठिकाणी दिसत होता. पण पूर्ण शब्द टंकून, एंटर दाबून शोधल्यावर त्यांपैकी मोजक्याच जागा सापडत होत्या. उलगडा झाला तो इमॅक्स या मजकूर-संपादक प्रणालीतील कंट्रोल-एस या शोधामुळे, कारण त्यात प्रत्येक अक्षरासरशी कर्सर पुढे सरकतो.

‘दुस’ टंकताच कर्सर समोरच्याच शब्दावर आला आणि ‘ऱ’ उमटताच तो शब्द सोडून पुढच्या परिच्छेदात गेला, म्हणजे अडचण नेमकी त्या एका अक्षरात होती. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या प्रमाण संकेतप्रणालीत, दोन प्रकारे लिहिला जातो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात.

मग बॅकस्पेसने ‘ऱ’ काढला, तसा कर्सर आपोआप आधीच्या शब्दावर परतला. तेथे कंट्रोल-डब्ल्यू, गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा, दाबून शब्दाचा उरलेला भाग मजकुरातूनच शोधात ओढून घेतला, आणि शोध चालू असतानाच ऑल्टसह टक्केचिन्ह दाबून त्या जागी योग्य रूप घातले. एंटरची वाट पाहणाऱ्या शोधात फक्त ‘सापडले नाही’ एवढेच कळते. शब्द कोठे फिसकटला, हे कळत नाही, आणि मराठी मजकूर तपासणाऱ्याला नेमके तेच हवे असते. विम या दुसऱ्या मजकूर-संपादकात अक्षरागणिक शोधाची ही सोय ‘इन्कसर्च’ हा पर्याय सुरू केल्यावर मिळते.