नवा टॅबलेट घेण्याआधी डॉकची परीक्षा

गेल्या सप्टेंबरात मांजरा नदीकाठचं सोयाबीन पाण्याखाली होतं तेव्हा मी तीन दिवस निलंगा तालुक्यात गावोगाव फिरून बातम्या लिहीत होतो. लाइट नव्हती. तिसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर बसून पंचनाम्याची बातमी लिहिताना टॅबलेट तेवीस टक्क्यांवरून एकदम बंद पडला. उरलेली बातमी फोनवर बोटाने टिपून पाठवली आणि त्याच रात्री ठरवलं की आता नवा घ्यायचा. पण कोणता, कधी आणि खरंच घ्यायचा का, हे ठरायला पाच महिने गेले. त्या काळात जी तयारी केली ती लिहून ठेवतोय. डॉक म्हणजे टॅबलेटला जोडायचा कीबोर्ड लावून काम करणारे वार्ताहर, वकील, शिक्षक आपल्याकडे तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांना ती उपयोगी पडावी.

सुरुवात वहीपासून करा. आठ दिवस टॅबलेट उघडला की तीन गोष्टी लिहा: काय केलं, कुठे बसून केलं, कशाने अडलं. माझ्या वहीत नव्वद टक्के मराठी टायपिंग निघालं, बाकीचं शासन निर्णयांच्या पीडीएफ वाचणं आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकणं. बसण्याच्या जागा म्हणाल तर एसटीचं सीट, तहसीलचा व्हरांडा, चहाच्या टपरीचं बाकडं. टेबल फक्त दोनदा. अडलं ते बॅटरीमुळे, सैल झालेल्या बिजागरीमुळे आणि पेनड्राइव्ह लावायला जागा नसल्यामुळे. प्रोसेसर मंद आहे म्हणून काम थांबलं असं एकदाही नाही. जाहिरातीत मात्र प्रोसेसर आणि पडदा याच दोन गोष्टी मोठ्या अक्षरात असतात, म्हणून ही वही आधी भरा आणि जाहिराती नंतर वाचा.

मग एकच विचारा: टॅबलेट म्हातारा झालाय की नुसती बॅटरी? चार्ज दिसत असताना अचानक बंद पडणं हे बहुतेक वेळा थकलेल्या बॅटरीचं लक्षण असतं. लिथियम बॅटरीचा आतला रोध वयाबरोबर वाढतो, काम जड झालं की व्होल्टेज कोसळतं आणि यंत्र स्वतःला बंद करून घेतं. उन्हाने हे लवकर होतं. ॲपल आयपॅड वापरण्यासाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस एवढी मर्यादा सांगतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो. त्यात आपण तो गाडीच्या डिक्कीत ठेवतो, पत्र्याखाली चार्जिंगला लावतो. म्हणून नव्याची चौकशी करण्याआधी जुन्याची बॅटरी बदलायला किती खर्च येईल ते विचारा आणि आकडा कागदावर घ्या.

तो आकडा हातात असताना सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख बघा. ती दोन-तीन महिन्यांच्या आतली असेल तर बॅटरी बदलून आणखी दोन वर्षं काढणं शहाणपणाचं. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्या टॅबलेटवर बँकेचं काम करू नका आणि त्यात नवे पैसेही घालू नका. फार जुन्या अँड्रॉइडचं दुखणं आणखी वेगळं आहे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सुरक्षा प्रमाणपत्र असंख्य वेबसाइट वापरतात. जुन्या अँड्रॉइडला ते ओळखता यावं म्हणून केलेली सोय ३० सप्टेंबर २०२४ला संपली. त्यामुळे ७.१च्या आधीचं अँड्रॉइड असेल तर धडधाकट वेबसाइटसुद्धा असुरक्षित असल्याचा इशारा येतो. आणि नवा घेताना अपडेट किती वर्षं मिळणार हे आधी विचारा. सॅमसंगने २०२३च्या गॅलक्सी टॅब एस९ला सुरक्षा अपडेट पाच वर्षं सांगितली होती, २०२४च्या एस१०ला सात. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळतंय म्हणून उचललं तर तेवढी वर्षं आधीच गेलेली असतात.

माझ्या टॅबलेटची अपडेट बंद झाली होती. म्हणजे बदलणं भागच होतं. खरी परीक्षा इथून पुढे, डॉकची.

ज्यांनी २०११ साली आसुसचा ट्रान्सफॉर्मर पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. दहा इंची पडदा, खाली बिजागरीचा कीबोर्ड, आणि त्या कीबोर्डच्या पोटात दुसरी बॅटरी. कंपनी नुसत्या टॅबलेटला साडेनऊ तास आणि डॉकसह सोळा तास सांगत असे. डॉकला दोन यूएसबी पोर्ट होते, कॅमेऱ्याचं कार्ड घालायची खाच होती. वजन दोन्ही मिळून दीड किलोच्या आत. आज 'डॉक' किंवा 'कीबोर्ड कव्हर' या नावाने जे मिळतं त्यातल्या बहुतेकांत ना बॅटरी असते ना पोर्ट. टॅबलेटच्या कडेला तीन-चार पितळी टिकल्या असतात, त्यांतून कीबोर्ड टॅबलेटचीच वीज घेतो. इतक्या वर्षांत पडदा आणि वेग कुठल्या कुठे गेले, पण माझ्यासारख्या लाइट नसलेल्या गावात बसून लिहिणाऱ्याकडून दुसरी बॅटरी काढून घेतली गेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या दुसऱ्या बॅटरीची जागा आता पॉवर बँकला घ्यावी लागते, तेव्हा तिचा हिशेब करूनच निघा. वीस हजार एमएएचच्या पॉवर बँकमध्ये सुमारे ७४ वॉट-तास असतात. आठ हजार एमएएचच्या टॅबलेटला एका वेळी सुमारे ३० लागतात. मधली गळती धरली तर जेमतेम दोन वेळा भरतो. शिवाय टॅबलेटला टाइप-सी पोर्ट एकच असेल तर पॉवर बँक लावल्यावर पेनड्राइव्ह लावायला जागा उरत नाही. त्यासाठी चार्जिंग आत घेणारा छोटा हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा जोड, यादीत लिहा, आणि तो तुमच्या टॅबलेटवर चालतो का हे दुकानातच लावून बघा.

बिजागरी की पाठीमागचा टेकू, हा निर्णय मांडीवर घ्या. टेकूवाल्या कव्हरला मागे वीतभर सपाट जागा लागते. एसटीच्या सीटवर ती मिळत नाही, खड्डा आला की पडदा मागे कलंडतो. बिजागरीवाला डॉक लॅपटॉपसारखा मांडीवर बसतो, पण पडद्यापेक्षा खालचा भाग हलका असेल तर तोही मागे पडतो. म्हणून दुकानात टेबलावर ठेवून बघू नका. खुर्चीवर बसा, गुडघे जुळवा, मांडीवर ठेवा आणि पूर्ण परिच्छेद टाइप करा. मी तसं केलं तेव्हा दोन मॉडेलं तिथेच बाद झाली. कळींची रुंदीही तेव्हाच कळते. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर असतात, दहा-अकरा इंची डॉकवर कडेच्या कळी दाबून बारीक केलेल्या असतात. आणि मराठीत नेमक्या त्या कडेच्या कळी सारख्या लागतात.

आता मराठी. हिच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण विक्रेता याबद्दल काही सांगू शकत नाही. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर खरा कीबोर्ड जोडल्यावर ती सोय तशीच चालेल असं गृहीत धरू नका, प्रत्येक टॅबलेटवर लावून बघा. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी येत असेल तर ती सेटिंगमध्ये सापडते का बघा. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, जेच्या कळीवर र आणि शिफ्ट धरून ऱ. टायपिंग क्लासमध्ये रेमिंग्टन शिकलेल्यांनी ती मांडणी तिथे आहे का हे आधी विचारावं, नाहीतर बोटांची दहा वर्षांची सवय वाया जाते. इंग्रजी-मराठी बदलायची कळ एका हाताने दाबता येते का, हेही.

मी वहीत एक वाक्य लिहून नेलं होतं: 'दुसऱ्या दिवशी ॲडव्होकेटसह शेतकऱ्यांनी कृषी कार्यालयापुढे ठिय्या दिला, गुऱ्हाळाच्या जागेचे क्षेत्र अद्याप ज्ञात नाही.' हे वाक्य न अडखळता उमटलं तर बाकीचं बहुतेक उमटतं. ऱ्य आणि ॲ इथे पुष्कळ गाड्या अडतात. काही मांडण्यांत हा अर्धा र सापडत नाही आणि लोक 'शेतकर्यांनी' लिहून मोकळे होतात. हे चालवून घेऊ नये. शाळेतल्या आचाऱ्यांना मानधन मिळालं नाही ही बातमी 'आचार्यांना' अशी छापली गेली तर स्वयंपाक करणाऱ्या बाईचं दुःख भलत्याच्या नावावर जातं.

जुन्या फायलींचंही आधीच बघा. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेला मजकूर टॅबलेटवर उघडला की नुसता कचरा दिसतो, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. कचेरीतल्या किंवा छापखान्यातल्या कुणाला तुमच्याकडून त्याच फॉन्टमध्ये मजकूर लागत असेल तर टॅबलेट बदलून प्रश्न सुटणार नाही, घरात एक विंडोज संगणक ठेवावाच लागेल. मी जुन्या चारशे बातम्या डिसेंबरमध्ये संगणकावर बसून युनिकोडमध्ये बदलल्या. रोज पंचवीस केल्या, प्रत्येक वाचून तपासली, कारण बदलताना जोडाक्षरं फुटतात.

बाकीचं थोडक्यात. प्रोजेक्टर लावणारे शिक्षक असाल तर टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातं का विचारा. स्वस्त टॅबलेटमध्ये बहुधा जात नाही. मेमरी कार्ड लागत असेल तर आयपॅड सोडा, त्याला ती खाच कधीच नव्हती. सिमशिवायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, शेताच्या जागेसह फोटो काढायचे असतील तर हे महत्त्वाचं. वायरवाला माइक वापरत असाल तर गोल खाच आहे का बघा.

पैशाची पाटी दोन रकान्यांत मांडा, कारण टॅबलेटची किंमत आणि डॉकची किंमत वेगळी असते आणि काही कंपन्यांचा कीबोर्ड एखाद्या स्वस्त टॅबलेटएवढा पडतो. टॅबलेटवर १८ टक्के जीएसटी किमतीत धरलेला असतो. तुमची नोंदणी असेल तर बिल त्या नंबरावर घ्या. जुन्या मॉडेलचा डॉक नव्याला बसेल असं कुणी सांगितलं तर बसवून दाखवायला सांगा, टिकल्यांची जागा आणि टॅबलेटची जाडी दर मॉडेलला बदलते. दोन्ही रकान्यांची बेरीज साध्या लॅपटॉपच्या पुढे जात असेल तर वही पुन्हा उघडा. उभ्याने वाचणं, पेनने खुणा करणं, एसटीत बाहेर काढून वापरणं हे तुमच्या वहीत नसेल तर लॅपटॉप घ्या.

दुकानाचा दिवस कामाचाच निवडा, शनिवार-रविवारी मांडीवर ठेवून टाइप करायला कुणी वेळ देत नाही. लातूरला दोन दुकानांत मला एकच उत्तर मिळालं, "दादा, डॉक डिस्प्लेला नसतो, ऑर्डर टाकावी लागती." न बघता ऑर्डर टाकू नका. आमच्याकडून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडतं, तिथे मी अर्धा दिवस काढला आणि चार डॉक मांडीवर घेतले. सोबत जुना टॅबलेट, पेनड्राइव्ह, हब, पॉवर बँक आणि वही न्या. डॉकची वॉरंटी टॅबलेटएवढीच आहे का आणि तुमच्या जिल्ह्यात तो दुरुस्त होतो का, हे बिलाआधी विचारा. माझा आधीचा कीबोर्ड तीन आठवडे बाहेरगावी दुरुस्तीला पडून होता आणि ते तीन आठवडे मी फोनवर लिहून काढले.

घेतलात तरी जुना त्याच दिवशी कुणाला देऊ नका. पंधरा दिवस दोन्ही जवळ ठेवा. फोनवरून व्हॉट्सॲपच्या जोडलेल्या उपकरणांतून जुन्याचं नाव काढा. मेमरी कार्ड बाहेर घ्या. रिसेट करण्याआधी सेटिंगमधून गूगलचं खातं काढा, कारण अँड्रॉइड ५.१पासून रिसेटनंतरही जुन्या खात्याचा पासवर्ड विचारला जाऊ शकतो आणि तो ठाऊक नसेल तर घेणाऱ्याला टॅबलेट उघडता येत नाही. माझा जुना पुतणीकडे जाणार आहे, चार्जरला लावून नुसत्या मराठी टायपिंगच्या सरावासाठी. पण तो अजून कपाटात आहे. सप्टेंबरातल्या त्या तीन दिवसांची ध्वनिमुद्रणं त्यात आहेत, ज्यांचं शेत वाहून गेलं त्यांचे आवाज. ती दोन ठिकाणी उतरवून घेतलीत, आणि आता एकेक फाइल शेवटपर्यंत ऐकून बघतोय.