वाती वळायचं काम सुरू करताय? कोकणातल्या हवेत आधी हे बघा

वाती म्हणजे काय, बसल्याबसल्या हात चालवायचा, असं बऱ्याच जणींना वाटतं आणि मग गणपतीच्या तोंडावर ऑर्डर आली की धावपळ होते. मी रत्नागिरीकडची, आत्तेसासूबाईंच्या हाताखाली शिकले, आता बचत गटातून विकते, म्हणून नवीन मैत्रिणींसाठी लिहितेय.

सगळं कापसावर आहे. परसातल्या देवकापसावर घरच्या देवापुरतं भागतं, पण विकायचं तर कापूस घाटावरूनच येणार, विदर्भ-खानदेश-मराठवाड्याचा. सरकी काढलेला, पिंजलेला, साधा कापूस मागा. मेडिकलमधला पांढराशुभ्र धुऊन ब्लीच केलेला असतो, त्यातलं नैसर्गिक मेण काढून टाकतात म्हणून तो पाणी पटकन पितो, पण आपल्याला पाणी कुठे प्यायचंय, तेल-तूप साधा कापूससुद्धा छान ओढतो, मग जास्त पैसे कशाला. फक्त एक चिमूट जाळून बघायचीच. कापूस असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने उडेल अशी मऊ राख उरते, पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर वितळून कडक मणी होतो आणि प्लास्टिकसारखा घाण वास सुटतो. असला माल सरळ परत करा, लोक ती वात देवापुढे लावणार असतात.

आता आपली हवा. कापूस हवेतलं पाणी ओढून घेतो, हवेत ६५ टक्के आर्द्रता असली तरी त्याच्या सुक्या वजनाच्या ७-८ टक्के पाणी त्यात मुरलेलं असतं, आणि जुलैत आपल्याकडे तर भिंतीसुद्धा ओल्या लागतात. दमट कापसाचे गोळे होतात, पदर नीट सुटत नाही आणि वात पेटवली की तडतडते. म्हणून सांगते, चैत्र-वैशाखातच वळून ठेवा, मिरग लागायच्या आत डबे भरून झाकणं घट्ट लावा. वळायच्या आधी कापूस उन्हात द्यायचा, पण वारा नसेल तेव्हा, नाहीतर अर्धा माडावर जाऊन बसतो.

वळताना सरकीचे तुकडे, कचरा आधी वेचा, मग बोटांनी कापूस मोकळा करत करत पातळ पदर काढा, हे घाईत होत नाही. फुलवातीला छोटी चकती घ्यायची, मधले तंतू वर ओढून पीळ द्यायचा, बोटांना राखेचा किंवा दुधाचा हात लावला की टोक सुटत नाही आणि बूड पसरट ठेवलं की वात तुपात सरळ उभी राहते. समईच्या लांबवातीला पीळ एकसारखा हवा, खरी कसोटी तिथेच. फार घट्ट वळली तर तंतूंमधून तेल चढत नाही, ज्योत बारीक होऊन विझते. जाड, सैल राहिली तर काजळी धरते. प्रत्येक घाण्यातल्या दोन-चार वाती स्वतः लावून बघा, त्याशिवाय पाकीट बंद करू नका.

मागणी श्रावणापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, त्यात चाकरमानी गणपतीला आले की सगळ्यात जास्त, परत जाताना पाकिटं मुंबईलाही नेतात. विकताना वजनावर नको, नगावर विका, पावसात वजन बदलत राहतं आणि गिऱ्हाईकाला उगाच संशय येतो. पाकिटावर नाव-पत्ता, नग, एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन नंबर हे छापावंच लागतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

आणि ते मशीनवाले! मशीन आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देतो, तयार वाती आम्हीच उचलतो असं सांगून पैसे घेतात आणि नंतर माल क्वालिटीत बसत नाही म्हणून नाकारतात, यात किती तरी बायकांचे पैसे अडकलेत. आधी हाताने वळा, जवळपासच्या देवळाबाहेरची आणि पूजासाहित्याची दोन-तीन दुकानं धरा, ते दर महिन्याला स्वतःहून फोन करायला लागले की मग मशीनचा विचार करा, आणि तेव्हाही माल कुणाला विकायचा ते तुमचं तुम्ही ठरवलेलं असू दे.