टायरचा साइज बदलला, आता हवा किती भरायची?

‘पंधरा इंची टायरला ३०, सोळा इंचीला ३३’ असा ठोक आकडा कोणी सांगितला तर ऐकून सोडून द्या. एकच साइज हलक्या हॅचबॅकलाही बसतो आणि जड सेडानलाही, आणि दोघींना हवा मात्र वेगळी लागते. गाडीचं बहुतेक वजन टायरमधली हवाच पेलते. म्हणून आधी प्रश्न भाराचा, साइजचा नंतर. सायकलवर हे लगेच कळतं: तोच माणूस २५ मिलिमीटरच्या टायरवर ८०-९० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरतो आणि दोन इंची टायरवर ३०च्या आसपास.

सुरुवात गाडीवरच्या, हवेचा दाब लिहिलेल्या स्टिकरपासून करा. तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाआड असतो, दुचाकीवर बहुधा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर. गेला असेल तर मॅन्युअलमध्ये बघा. पुढचा-मागचा आकडा वेगळा असू शकतो, आणि भरलेल्या गाडीसाठी बहुतेकदा वेगळी ओळ असते. टायर स्टिकरवरच्याच साइजचे असतील तर तोच आकडा भरा. पुढचा किचकट भाग तुमच्यासाठी नाही, तो सोडून थेट हवा भरण्याकडे या.

टायरच्या बाजूवर कोरलेला ४४ किंवा ५१ हा आकडा कमाल मर्यादेचा आहे. तो बघून हवा भरणारे लोक मला अजून भेटतात, आणि त्यांचे टायर मधोमध झिजलेले असतात. वर ब्रेकला पकड कमी मिळते ती वेगळीच.

आता टायर वेगळ्या साइजचे असतील तर. मलाही हा भाग समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण विचारलं की जो तो रुंदी आणि रिम यांवरच बोलतो. समजा टायरवर ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ असं आहे. रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रेडियल बांधणी, रिम १६ इंची. बहुतेक जण इथेच वाचन थांबवतात, आणि कामाचा आकडा नेमका त्यापुढे असतो: ९१. हा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा. ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०, प्रत्येक टायरमागे. व्ही हे अक्षर वेगमर्यादेचं, हवेशी त्याचा इथे संबंध नाही.

पण तो भार टायर कुठल्या दाबाला पेलतो? युरोपीय मानकानुसार साध्या टायरची पूर्ण क्षमता २.५ बारला, म्हणजे ३६ पीएसआयला धरतात. बाजूवर ‘एक्सएल’ असेल, म्हणजे टायर जादा भारासाठी बनवलेला असेल, तर २.९ बारला, म्हणजे ४२ला. दाब १० टक्के उतरला की क्षमता साधारण ८ टक्के उतरते.

नव्या साध्या टायरचा इंडेक्स जुन्याइतकाच असेल तर स्टिकरचा आकडा तसाच ठेवा. इंडेक्स जास्त असला तरी हवा कमी करू नका, तुमच्या गाडीचं स्टिअरिंग त्याच आकड्यावर जुळवलेलं आहे. गाडीच्या कंपनीने मागितलेल्यापेक्षा इंडेक्स कमी असेल तर तो टायर घेऊच नका. ‘हवा थोडी जास्त भरू’ असं दुकानदार म्हणाला तरी नाही.

खरी फसगत एक्सएलमध्ये होते. २०५/५५ आर १६ ९१ काढून २२५/४५ आर १७ ९४ एक्सएल बसवला की वाटतं, टायर जास्त दणकट, मग हवा तेवढीच पुरे. हिशेब करून बघा. स्टिकरवर ३३ असेल तर त्या दाबाला जुना टायर सुमारे ५७५ किलो पेलत होता, नवा सुमारे ५५०च पेलतो. जुन्याची बरोबरी करायला त्याला ३५ लागतात. फरक दोनच पीएसआयचा, पण दिशा लोकांच्या अंदाजाच्या उलटी. माझं मत स्पष्ट आहे: ९१च्या जागी असा ९४ एक्सएल घेतला तर दोन वाढवा, आणि पुढचे दोन-तीन महिने झीज बघा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी पडतेय, मध्य झिजला तर जास्त होतेय.

हवा गार टायरमध्येच भरा, म्हणजे गाडी तीन तास उभी असावी किंवा दोन किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असावी. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका, वाढलेला दाब अपेक्षितच असतो. बाहेरचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की सुमारे एक पीएसआय कमी होतो, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा मोजा. गेज स्वतःचं ठेवा. डॅशबोर्डच्या दिव्यावर विसंबू नका, अनेक गाड्यांत तो हवा २०-२५ टक्के उतरल्यावरच लागतो. नायट्रोजनसाठी वेगळा आकडा नसतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

डिकीतली अरुंद तात्पुरती स्टेपनी मात्र या सगळ्याला अपवाद. तिला बहुतेकदा ६० पीएसआय लागतात आणि तो आकडा तिच्याच बाजूवर छापलेला असतो. इथे तोच भरायचा.