स्पिटफायरचा तोल आणि माझी चौथी लँडिंग

माझं पहिलं वॉरबर्ड, म्हणजे जुन्या लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल, दीड मीटर पंखांचं स्पिटफायर होतं. चौथ्या लँडिंगला ते जमिनीपासून पुरुषभर उंचीवर असताना डावीकडे कलंडलं आणि पंखाच्या टोकावर पडलं. उतरताना मोडलं, म्हणून मी बरेच दिवस स्वतःच्या हातांना दोष देत बसलो. चूक त्याआधीच टेबलावर झाली होती.

मॅन्युअलमध्ये सीजी, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो बिंदू, पंखाच्या मुळाशी, पुढच्या कडेपासून ९५ मिलिमीटर मागे दिला होता. मी ९५ बरोबर मोजले, पण मुळाशी बोटं नीट टेकेनात म्हणून पंखाच्या निम्म्यावर सरकून मोजले. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार, त्यामुळे टोकाकडे जाताना पुढची कडही मागे जाते. तिथले ९५ म्हणजे मुळापासचे १०५ च्या वर. विमान टेल-हेवी, म्हणजे शेपटीकडे जड, झालं होतं आणि मला वाटत होतं की एलिव्हेटर (शेपटीवरची नाक वर-खाली करणारी पट्टी) फार हलका चालतो!

म्हणून खुणा करायच्या त्या मुळापासून सरळ आडवी रेघ काढून. पंख धडाच्या खालच्या बाजूला असलेलं विमान उलटं धरून तोलावं. सुलटं धरलं तर वजन बोटांच्या वर राहतं आणि ते डुलत बसतं. बॅटरी आत, प्रोपेलर लावलेला, चाकं मिटलेली. चाकांचं विसरू नका: कॉर्सेअरसारख्या लढाऊ विमानात ती मागे वळून पंखात जातात आणि तेवढा सीजीही मागे सरकतो. स्पिटफायरचं नाक आखूड असल्यामुळे शेपटीतला एक ग्रॅम समोर दोन-तीन ग्रॅम मागतो. आधी बॅटरी जाईल तेवढी पुढे सरकवा, नाकात वजनासाठी शिसं नंतर. पण लागलंच तर घालाच. वजन २० टक्क्यांनी वाढलं तरी स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाही) साधारण १० टक्क्यांनीच वाढतो. ते परवडतं, टेल-हेवी परवडत नाही. डावी-उजवी बाजूही तोलून बघा. जड पंख स्टॉलमध्ये आधी खाली जातो.

आता उतरण्याकडे. नवं मॉडेल पहिल्यांदा उडवलं की मी भरपूर उंचीवर जाऊन चाकं आणि फ्लॅप (पंखामागच्या, हळू उडण्यासाठीच्या पट्ट्या) खाली काढतो, थ्रॉटल म्हणजे मोटरची ताकद कमी करतो आणि विमान केव्हा पडतं ते बघतो. कुठला पंख पडतो, त्याआधी काही इशारा मिळतो का, फ्लॅप काढल्यावर नाक किती उचलतं, हे सगळं तिथेच कळतं. ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊंच्या सोप्या विमानावर, शिकलेल्यांची एक सवय इथे घात करते: धावपट्टी जवळ आली की थ्रॉटल बंद करून विमान तरंगत आणायचं. तरंगायचा गुण वॉरबर्डमध्ये फारसा नसतो. मोठा प्रोपेलर थांबल्यासारखा झाला की तोच ब्रेक होतो. मी थोडी पॉवर ठेवूनच येतो. खाली किती वेगाने यायचं ते थ्रॉटलने ठरवतो, विमानाचा वेग एलिव्हेटरने. विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडेल असं वाटलं की हात आपोआप एलिव्हेटर ओढतो. नेमकं तेच करायचं नाही, थ्रॉटल द्यायचं.

शेवटच्या वळणात वेग कमी असताना पंख कलला तर तो एलेरॉनने (पंखाच्या टोकाकडची विमान कलवणारी पट्टी) जोरात उचलू नका. खाली गेलेल्या पंखाचा एलेरॉन खाली वळतो, त्या टोकाचा अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) वाढतो आणि स्टॉल व्हायला टेकलेलं टोक पुरतंच जातं. माझी चौथी लँडिंग अशीच गेली. रडर (शेपटीवरची नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी) वापरा, आणि अंदाज चुकला तर सरळ दुसरी फेरी मारा.

टेकताना मी आधी पुढची दोन चाकं टेकवतो, शेपूट मागून आपोआप खाली येते. स्पिटफायरच्या चाकांमधलं अंतर कमी, त्यामुळे जमिनीवरही रडरवरचा हात सोडता येत नाही. शेपूट बसली की एलिव्हेटर पूर्ण ओढून धरायचा, विमान थांबेपर्यंत, आणि गवतावरून टॅक्सी करतानाही. नाहीतर नाक जमिनीत जातं. अजूनही कधीकधी मी हे विसरतो, म्हणून पेटीत दोन जादा प्रोपेलर असतात.