माकडताप: काजूच्या हंगामात रानात जाताना आणि आल्यावर काय करावे?

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत पोहोचला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. काजूच्या कामाला सत्तरीत गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांनाही त्या सुमारास त्याची लागण झाली. त्यामुळे गोव्याच्या हद्दीलगतच्या, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी भागातल्या माणसांना काळजी वाटणं साहजिक आहे. शंभर रुग्णांत तीन ते पाच जण दगावतात, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो, म्हणून रोखायची ती गोचीड.

डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ. जळण, काजू, गुरं, कशासाठीही रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि पँट मोज्यांत खोचा. उघड्या अंगाला डेपा तेल, म्हणजे गोचिडी दूर ठेवणारं तेल, लावा. ते आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे मागा. पाचोळ्यावर बसू नका, आडवं तर मुळीच होऊ नका. गोठ्यात अंथरायला रानातला पाला आणायची सवय या महिन्यांत बंदच ठेवा.

घरी परतल्यावरचं काम सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तेच दमलेल्या माणसाकडून राहून जातं. कपडे बाहेरच उतरवून गरम पाण्यात टाका आणि साबण लावून आंघोळ करा. मग उजेडात अंग तपासा: कानामागे, केसांत, काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, गुडघ्यामागे. गोचिडीची पिल्लं मोहरीएवढी असतात, अंगावरच्या तिळासारखी वाटली तरी बोट फिरवून बघाच. पाठ घरच्या माणसाला दाखवा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि जागा साबणाने धुवा. रॉकेल, चुना, विडीचा चटका यातलं काही नको. नखाने चिरडूही नका.

मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात लावू नका, पुरायलाही जाऊ नका. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी खाली उतरून आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरतात. मुलांना आणि गुरांना तिथून लांब ठेवा आणि वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा.

चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम सणकून ताप भरतो. डोकं ठणकतं, कंबर आणि पोटऱ्या असह्य दुखतात, उलट्या होतात. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येतं. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, उतरतात, म्हणून बऱ्याचदा डेंगी समजून उपचार सुरू होतो. यासाठी डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता आधी सांगा: मी अमुक दिवशी रानात होतो, तिथे माकड मेलेलं होतं, गोव्यात काजूला गेलो होतो. हे एक वाक्य रक्ताच्या योग्य तपासणीपर्यंत नेतं, आणि ती तपासणी पहिल्या काही दिवसांत झाली तर निदान पक्कं होतं. दुकानातून ॲस्पिरिन किंवा अंगदुखीची गोळी आणून घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. या विषाणूवर खास औषध नाही. सलाइन, रक्तावर लक्ष आणि वेळेवर दाखल होणं, यावरच माणूस वाचतो. लसीवर विसंबू नका. जुनी लस पुरेशी गुणकारी न ठरल्याने कर्नाटकात ती देणं थांबलं आहे.

ताप उतरला म्हणून लगेच कामावर जाऊ नका. काहींना एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो, तेव्हा मान आखडते, हात थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो. असं दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री गाडी काढा आणि बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात न्या.