विळा लागला तर दगडीपाला

खुरपताना बोटाला विळा निसटता लागला, की आमच्याकडच्या बाया आधी बांधावर नजर टाकतात. दगडीपाला तिथं असतोच. कुणी एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. मूळची ही वनस्पती अमेरिकेतली, म्हणून चरक-सुश्रुतांकडे ती शोधू नका. तिचं ज्ञान आपल्याकडे गुराख्यांनी आणि शेतात राबणाऱ्या बायांनी जपलंय, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

ओळख पक्की करा. झाड जमिनीलगत पसरतं. पानं समोरासमोर, दातेरी कडांची, लवदार. बोट फिरवलं की खरखरीत लागतात. मधूनच वीतभर उंच, बिनपानांची दांडी वर येते आणि टोकाला एकच फूल. मधे पिवळं, भोवती पाच-सहा फिक्कट पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. फूल बघितल्याशिवाय पाला खुडू नका. ओलीत माकाही उगवतो, पण त्याचा पाला चुरगळला की थोड्या वेळात काळा पडतो.

आधी हात आणि जखम स्वच्छ पाण्यानं धुवा. आठ-दहा कोवळी पानं खुडून दोन-तीन पाण्यांतून काढा, लवेत माती अडकते. तळहातावर जोर लावून चोळा, हिरवा रस सुटला की मूठ पिळून थेंब जखमेवर सोडा. जरा झोंबतं. वरून धुतलेलं फडकं पाच-दहा मिनिटं दाबून धरा, मधेमधे उघडून बघू नका. पाला दातांनी चावून लावायची जुनी सवय मात्र सोडाच, तोंडातली घाण जखमेत जाते.

हा उपाय खरचटणं आणि वरवरच्या कापण्यापुरताच. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा मधुमेह असेल तर थेट दवाखाना गाठा. विळा गंजका असो वा नसो, मातीतल्या जखमेला धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचाराच. गाजरगवतानं अंगाला खाज सुटत असेल तर हा पाला लावू नका, दोन्ही एकाच कुळातली. रस पिऊही नका.

तणनाशक मारलेल्या बांधावरचा किंवा डांबरी रस्त्याकडेचा पाला घेऊ नका. फवारणी करताना विहिरीजवळचा एखादा तुकडा तेवढा सोडत जा. तिथं ओल टिकते, उन्हाळ्यातही पाला हाताशी राहतो.